हातानं फिरवायची लेन्स

कॅमेरा विकायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. भूमचा एक फोटोग्राफर त्यासाठी आमच्या घरी आला होता. सासरे ओट्यावर त्याच्याशी बोलत बसले होते आणि मी आत कपाटातून कॅमेरा काढत होते. दीड वर्ष तो एका टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता. पुढं लेन्स नव्हती. लेन्सच्या जागी नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण होतं.

त्या फोटोग्राफरनं झाकण काढून आत बघितलं, बटणं दाबून बघितली.

"बॉडी चांगली आहे, वहिनी," तो म्हणाला. "लेन्स फुटली नसती तर आणखी दिले असते. पण मी तुम्हाला कमी सांगणार नाही."

तो खरंच कमी सांगत नव्हता. माझ्या नवऱ्याच्या ओळखीतला होता. लग्नसराईत दोघं एकमेकांचं काम उचलायचे.

"देऊन टाक," सासरे मला म्हणाले. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. "घरात ठिवून काय करायचंय? कोण वापरणार हाय?"

"मी," मी म्हणाले.

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग ते मागं घ्यावंसं वाटेना. फोटोग्राफरनं मामांकडं बघितलं. मामांनी रस्त्याकडं बघितलं. थोड्या वेळानं मी चहा आणला, तो त्यानं घेतला आणि गेला.  मुलगा गेल्यापासून मामा तसेही फार बोलत नसत.

मी नर्स आहे. वाशी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर काम करते. माझ्या नवऱ्याचा वाशीत फोटोचा छोटा गाळा होता. लग्नं, बारशी, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, सगळं ते करायचे. फोटो ते काढायचे आणि अल्बममध्ये कुठले घालायचे ते मी निवडायचे. जेवणं झाली की कॉम्प्युटरसमोर बसून पाचशे-सहाशे फोटोंतून मी दीडशे वेगळे काढायचे. त्यामुळं चांगला फोटो कुठला हे मला कळत होतं. तो कसा काढायचा हे मात्र कधी शिकले नाही. शिकायची गरजच पडली नव्हती.

माघातल्या एका लग्नाहून ते परत येत होते. भर दुपारची वेळ. उसाच्या ट्रॅक्टरमधून रस्त्यावर ऊस सांडलेला होता. त्यावरून मोटारसायकल घसरली. मागून येणाऱ्या लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. पंचनामा झाल्यावर पोलिसांनी कॅमेऱ्याची बॅग परत दिली. ती हलवली की आत काचा वाजायच्या. लेन्सचा चुरा झाला होता आणि कॅमेऱ्यावर साधा ओरखडाही नव्हता. ते बघून मला इतका राग आला होता की मी बॅग भिंतीवर फेकायला निघाले होते. मुलीनं माझा हात धरला. ती तेव्हा बारावीला होती, आता लातूरला वसतिगृहात राहून शिकते.

दहाव्याला लावायला त्यांचा फोटो शोधला, तर धड एकही सापडेना. शेवटी गाडीच्या लायसन्सवरचा फोटो मोठा केला. बॅनर करणाऱ्या माणसानं चेहरा उजळ करून दिला, आणि हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण पुसून टाकला. त्यानं चांगल्या हेतूनंच केलं होतं. पण त्या फोटोला हार घालताना मला कोणा परक्या माणसाला हार घातल्यासारखं वाटलं.

नंतर कामावर मला हेच सगळीकडं दिसायला लागलं. मी घरभेटींना जाते. म्हातारी माणसं गेलेली असतात, आणि भिंतीवर त्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो. गाल गुळगुळीत, सुरकुत्या नाहीत, बायांच्या कपाळावरचं गोंदण अर्धं पुसलेलं. ज्या माणसाची नाडी मी पाच-पाच वर्षं बघितली, त्याचा चेहरा मला भिंतीवर ओळखू येत नसे. त्या दिवशी ओट्यावर मी 'मी' म्हणाले, ते बहुतेक यातूनच आलं असावं.

पण लेन्सशिवाय कॅमेरा काय कामाचा? नव्या लेन्सची किंमत मी दुकानात विचारली आणि तशीच परत आले. मुलीची फी भरायची होती.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले फार्मासिस्ट सुट्टीच्या दिवशी येडशीच्या अभयारण्यात पक्षी बघायला जातात. त्यांना कॅमेऱ्यातलं कळतं. मी त्यांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "सिस्टर, नवीनच पाहिजे असं कुठंय? जुन्या रीळच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स मिळतात. चाळीस-चाळीस वर्षांच्या. मध्ये एक अडॅप्टरची कडी घातली की तुमच्या कॅमेऱ्याला बसतात."

"आणि चालतात?"

"चालतात. पण त्यात मोटर नसते. फोकस हातानं करायचा, कडं फिरवून. माणूस हलला की गेला फोटो. घाईच्या कामाला उपयोग नाही. तुम्हाला लग्नं करायचीत का?"

"नाही. म्हातारी माणसं."

"मग पन्नासची घ्या," ते म्हणाले. "पन्नास मिलिमीटर. माणसाच्या चेहऱ्याला तुमच्या कॅमेऱ्यावर ती बरोबर पडते, आणि जुन्यांत तीच सगळ्यांत स्वस्त मिळते, कारण त्या काळी प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर तीच यायची."

अडॅप्टर धरून चार हजारांच्या वर जायचं नाही असं मी ठरवलं. भिशीचे तेवढेच माझे म्हणावेत असे पैसे होते.

आधी मोबाइलवर बघितलं. दिल्लीच्या एका माणसानं मखमलीवर ठेवून लेन्सचे फोटो टाकले होते. नव्यासारखी दिसत होती. फार्मासिस्ट म्हणाले, त्याला लेन्समधून टॉर्च मारून फोटो पाठवायला सांगा. मी सांगितलं. त्या माणसानं त्यानंतर उत्तरच दिलं नाही.

मग एका रविवारी मी एसटीनं सोलापूरला गेले. तिथं एका बोळात जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक चाचा बसतात असं कळलं होतं. सत्तरीच्या पुढचे होते. गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग. त्यांच्याकडं विकायला तीन लेन्स होत्या. त्यातली एक मला लगेच आवडली, कारण ती चमकत होती.

"बाहेरून बघू नका, बेटा," ते म्हणाले. "बाहेरून तर मी पण चमकवतो." त्यांनी लेन्सची दोन्ही झाकणं काढली आणि खिडकीच्या उजेडाकडं धरली. "आधी कडं फिरवा. खरखर लागते का बघा. सैल आहे का, जड आहे का. मग हे दुसरं कडं. आत पाकळ्या दिसतात? त्या उघडतात, मिटतात. कोरड्या पाहिजेत."

"ह्या ओल्या दिसतात."

"तेल आलंय. आज चालेल. उन्हाळ्यात चिकटेल." त्यांनी ती बाजूला ठेवली. "ही मी तुम्हाला देत नाही."

मग त्यांनी टॉर्च घेतली, मागून तिरकी धरली आणि मला पुढून बघायला लावलं. दुसऱ्या लेन्सच्या आत दुधासारखा पडदा दिसला. तिसरीत केसासारखे बारीक पांढरे धागे.

"ही बुरशी," ते म्हणाले. "काचेला खाते. पुसून जात नाही सहसा. आणि वरचा ओरखडा दिसला तर घाबरू नका. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत येत पण नाही. लोक ओरखड्याला घाबरतात आणि बुरशी घरी घेऊन जातात."

दोन तास त्यांनी मला शिकवलं आणि काहीच विकलं नाही. अमुक एवढ्या किमतीच्या वर जाऊ नका हेही सांगितलं. मी चहाचे पैसे देऊ लागले तर तेही घेतले नाहीत.

दसऱ्याच्या सुमारास फार्मासिस्टांनीच येडशीचं घर सांगितलं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, हौसेनं फोटो काढायचे. ते वारले होते. त्यांच्या पत्नी एकट्या राहत होत्या, आणि लेन्स विकायच्या म्हणत होत्या. त्यांचा कॅमेरा मुलगा पुण्याला घेऊन गेला होता, लेन्स घरीच राहिल्या होत्या.

घर स्टेशनापासून जवळ होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. मावशी सत्तरच्या आसपासच्या, बारीक, ताठ चालणाऱ्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझ्यामागं रस्त्यावर बघितलं.

"मालक न्हाय आले?"

"नाहीत, मावशी. दोन वर्षं होतील."

त्यांनी माझ्या गळ्याकडं, कपाळाकडं बघितलं आणि मान हलवली. "मग फोटू कोण काढणार?"

"मीच काढणार."

 त्यांनी आत जाऊन लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं. मफलरमध्ये गुंडाळलेला एक चामड्याचा गोल डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरून आणला आणि माझ्यासमोर चटईवर ठेवला.

"ही बघा. आमच्या मालकांची. पोरगा म्हणला, आई, मोठीला लई किंमत येईल. म्या नऊ वर्षं झाली, कुणाला हात लावू दिला न्हाय हिला."

आत एकशे पस्तीसची लांब लेन्स होती. बाहेरून खरंच नवी वाटत होती. आकडे पांढरेशुभ्र, कड्यावरचं रबर कुठं झिजलेलं नाही. कडं फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. दूरच्या माणसाचे फोटो काढायची ती लेन्स होती. मला पाहिजे होती तिच्या अडीचपटीहून जास्त लांब पल्ल्याची. पण एवढी सुंदर वस्तू होती की क्षणभर वाटलं, हीच घ्यावी.

माझ्या पिशवीत घसा तपासायची टॉर्च असते. ती मी काढली, दोन्ही झाकणं उघडली आणि तिरका उजेड टाकला.

आत मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं होतं. एका कडेपासून मध्यापर्यंत. सोलापूरला बघितलेल्या धाग्यांपेक्षा कितीतरी जास्त. चामड्याचा डबा, लोकरीचा मफलर, बंद कपाट. ओल धरून ठेवायला आणखी काय पाहिजे?

मी टॉर्च बंद केली. न सांगता निघून जाता आलं असतं. 'मला लांबची नको' एवढं म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. पण पुण्याचा मुलगा दुसरं गिऱ्हाईक आणणार, ते गिऱ्हाईक टॉर्च मारणार, आणि तेव्हा ते या बाईशी कसं बोलेल ते मला माहीत नव्हतं.

"मावशी, हिला आतून बुरशी आलीय."

"काय आलंय?"

"बुरशी. भाकरीला येते तशी, बारीक. काचेवर आतून. आता हिनं फोटो काढला तर धुक्यातला आल्यासारखा येईल. फार किंमत येणार नाही हिची."

त्यांनी लेन्स माझ्या हातून घेतली, फिरवून फिरवून बघितली. मी टॉर्च धरून त्यांना दाखवलं. त्यांना दिसलं. मग त्या तिथंच भिंतीला टेकून बसल्या.

"दर दिवाळीला काढून पुसती म्या हिला," त्या म्हणाल्या. "परत गुंडाळून ठिवती. धूळ लागू दिली न्हाय."

"धुळीनं नाही झालं. बंद राहिल्यानं झालंय. उजेड, वारा लागला नाही."

"म्हंजी म्याच खराब केली म्हणायची."

आठवड्यातून दोन-तीनदा तरी मी कुणाला ना कुणाला सांगत असते, तुमची चूक नाही. ताप अंगावर काढलेल्या आईला सांगते, गोळ्या द्यायला विसरलेल्या सुनेला सांगते. वाक्य तयार असतं. त्या दिवशी ते मला म्हणता येईना. आणि जे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते मी त्या अनोळखी बाईला सांगितलं.

"मावशी, माझा नवरा गेला त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता," मी म्हणाले. "सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं. मी नर्स आहे, नाडी बघितली, बीपी बघितलं. घाईचं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी माझं लसीकरणाचं सत्र होतं, म्हणून वाटलं आजच डॉक्टरला दाखवून व्हावं. त्यांनी फोनवर विचारलं, लईच दुखतंय का? मी म्हणाले, तुम्ही लवकर या. ते म्हणाले, आलोच. रस्त्यात ऊस सांडला होता."

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. माझे डोळे कोरडेच होते. बाहेरून मालगाडी चालली होती, ती बराच वेळ संपेना.

गाडी गेल्यावर त्यांनी विचारलं, "जेवले होते का?"

"लग्नाघरी जेवले होते. फोनवर सांगितलं होतं त्यांनी."

"पोटभर जेवून निघाले होते ना? मग बरं," त्या म्हणाल्या. "आमचे उपाशी गेले. दवाखान्यात पोटात काही द्यायचं न्हाय म्हणले होते. तीन दिवस मागत होते."

त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चुलीपासूनच मला म्हणाल्या, "एक बारकी पण हाय. ती खिडकीत बघा. ती काय कामाची असंल तर."

खिडकीच्या कट्ट्यावर लाइटची बिलं होती, आणि ती उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक छोटी काळी लेन्स ठेवलेली होती. झाकण नव्हतं. रंग उडून कडांना पितळ दिसत होतं. पुढच्या काचेवर दोन ओरखडे, एक तर नखाएवढा. वर धुळीचा थर. मी ती पदरानं पुसली आणि आकडा वाचला. पन्नास.

कडं जरा जड फिरलं, पण खरखर नव्हती. पाकळ्या कोरड्या, पटकन मिटल्या, पटकन उघडल्या. अडॅप्टरमध्ये फिरवून बसवायचे मागचे आटे शाबूत होते. टॉर्च मारली. आत थोडी धूळ दिसली, दुसरं काही नाही. नऊ वर्षं तिला पूर्वेचं ऊन लागत होतं. मी दोनदा, तीनदा बघितलं, कारण माझा विश्वास बसेना.

"ही चांगली आहे, मावशी. ही मला पाहिजे."

"ती? तिच्यावर तर ओरखडे हायत. रोजची होती ती त्यांची. कुठंबी टाकायचे." त्या कपबशी घेऊन बाहेर आल्या. "न्या तशीच. तिला काय पैसे घ्यायचे?"

"तशी नाही नेणार."

सोलापूरच्या चाचांनी जेवढी रास्त म्हणून सांगितली होती तेवढी किंमत मी दिली. त्या नाही म्हणत होत्या, मी बिलांखाली ठेवली. मोठी लेन्स त्यांनी विकायला काढायचं तिथंच सोडून दिलं. "खराब तर खराब," म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या घरात." ती डब्यात परत घालू नका, उघडी उजेडात ठेवा, म्हणजे बुरशी आणखी वाढणार नाही, एवढं मी सांगून आले.

अडॅप्टर कुरिअरनं आठ दिवसांत आला. लेन्स बसवली तर कॅमेरा फोटोच काढेना. त्याला वाटत होतं, पुढं लेन्सच नाही. फार्मासिस्टांनी मेनूत कुठंतरी ती तपासणी बंद करून दिली. मग माझं शिकणं सुरू झालं, आणि ते चांगलं झालं नाही. हातपंप, तुळस, शेजारची शेळी, सगळं धूसर. डोळ्यावर फोकस करायला जावं तर कान स्पष्ट यायचा. पहिल्या महिन्यात मी शेकड्यानं फोटो पुसून टाकले. मोबाइल बरा होता असं मनात यायचं. पण तसं उघड म्हणायची सोय नव्हती, कारण 'मी' मीच म्हणाले होते.

हळूहळू युक्त्या कळल्या. फोकस करताना पाकळ्या पूर्ण उघड्या ठेवायच्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळा दहापट मोठा करून बघायचा, पापणीचा केस दिसेपर्यंत कडं फिरवायचं आणि मग पाकळ्या थोड्या मिटायच्या. त्यात मी श्वास घेतला तरी मीच बोटभर पुढं-मागं व्हायचे. बाळाला लस देताना मी श्वास धरून ठेवते, तसा धरायला लागले. तेव्हा कुठं जमायला लागलं.

पहिला चांगला फोटो आला तो घरभेटीतल्या एका आजींचा. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. दारात उजेडाकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांना हलू नका सांगायची गरज नव्हती. कपाळावरच्या गोंदणाचा हिरवा रंग, हनुवटीवरचे तीन ठिपके, ओठांच्या कडेच्या घड्या, सगळं आलं. त्यांच्या सुनेनं फोटो बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, ह्या तर आमच्या आत्याच हायत." आत्या म्हणजे सासू; दुसरी कोण असणार होती, पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

मामांना मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग संक्रांतीनंतरच्या एका रविवारी सकाळी ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "माझा काढून ठिव एक. लागंल बॅनरला."

"असं काय बोलता, मामा."

"खोटं काय हाय त्यात? काढ."

मी त्यांना दाराच्या आत बसवलं, म्हणजे बाहेरचा उजेड एका बाजूनं येईल. कॅमेरा नवऱ्याच्या तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, लावला आणि पडद्यावर त्यांचा डावा डोळा मोठा केला. मी त्या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. आमच्याकडं सुनेनं सासऱ्यांच्या डोळ्यात डोळे घालून बघायची रीत नाही. तो डोळा मी पहिल्यांदा असा बघत होते. कडेनं पांढुरकं वलय, खालची पापणी जरा उलटलेली, आत पाणी. बाकी चेहऱ्यात नवरा मामांसारखा नव्हताच, पण डोळा तोच होता.

मी कडं फिरवत राहिले.

"किती येळ?" मामांनी विचारलं.

"हलू नका. होतंय."

ते हलले नाहीत. नुसते ओठ हलवून म्हणाले, "त्या दिवशी लई दुखत न्हवतं माझं."

माझं बोट कड्यावर थांबलं.

"काय, मामा?"

"छातीत. दुखत होतं, पण लई न्हवतं. तीन दिस झाले होते पोरगं लग्नाच्या कामात, घरी न्हवतं. यावं वाटलं. म्हणून तुला म्हणलो, त्याला फोन लाव." त्यांचा डोळा पडद्यावर अजून मोठा होता, मला तो बघवेना आणि तिथून हलताही येईना. "म्या बोलावलं नसतं तर सावकाश आला असता."

"मामा, मी नाडी बघितली होती तुमची," मी म्हणाले. "घाईचं नाही हे मला कळलं होतं. तरी मी त्यांना लवकर या म्हणाले. तुम्ही नाही. लवकर या मी म्हणाले."

"म्या सांगितलं म्हणून म्हणालीस."

"तुम्ही फोन लाव एवढंच म्हणाला होतात."

मामांनी तोंड फिरवलं नाही. कदाचित हलू नका म्हटलेलं ते पाळत होते. डोळ्यातलं पाणी गालावर आलं आणि दाढी केलेल्या हनुवटीपर्यंत गेलं. मी कॅमेऱ्याच्या मागून उठले आणि त्यांच्याजवळ जमिनीवर जाऊन बसले.  मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता.

"दोन वरसं तू एकटीच घिऊन बसली व्हय हे?" ते म्हणाले.

"तुम्ही पण."

"व्हय," ते म्हणाले. "म्या पण."

कधीतरी मी परत उठून बटण दाबलं होतं. तो फोटो बिघडला, नुसता कान स्पष्ट आहे. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी दुसरा काढला. तो चांगला आला. डोळे सुजलेले आहेत, आणि मामा मला आवडत नाही तसे ताठ बसलेले आहेत, पण तो त्यांचाच आहे. तो मी मुलीला पाठवला, तर लातूरहून तिचा फोन आला, "आई, आजोबा रडले होते का?" मी तिला खरं सांगितलं. तिलाही सांगायची वेळ झालीच होती.

त्या रविवारची आणखी एक गोष्ट आहे. मुलगा गेल्यापासून मामांनी डॉक्टर म्हणून बघितला नव्हता. मी घरात नर्स असून मला बीपी बघू देत नसत. पट्टा काढला की उठून जायचे. मला वाटायचं, ते माझ्यावर रागावलेत. त्या संध्याकाळी मी न बोलता पिशवीतून पट्टा काढला आणि त्यांनी स्वतः बाही वर केली. आकडा बघून मला धडकी भरली, पण मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

मंगळवारी रजा टाकून मी त्यांना एसटीनं धाराशिवला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. केसपेपरच्या रांगेत तास गेला. आत डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांत तपासलं नाही? मामांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाले, "दोन वरसं." डॉक्टरांनी ईसीजी काढला, दोन गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, महिन्यानं परत या म्हणाले. औषधं घेऊन आम्ही बाहेर लिंबाच्या पारावर बसलो. मी डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी होती, ती मी बाजूला सारली. मामांनी दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, पाणी पिले आणि विचारलं, "वाशीची गाडी कितीला हाय?"